शिट्टी येते म्हणून

गल्लीत त्यांना सगळे पक्के म्हणायचे. ते काही त्यांचं आडनाव नव्हे. दर तिसऱ्या वाक्याला 'ते आधी पक्कं करून घेऊ' म्हणणाऱ्या माणसाला लोकांनी बहाल केलेली ती पदवी. नोकरी लिफ्ट दुरुस्तीची. लिफ्टचं कसं असतं, एका दोराने भागत असलं तरी चार-पाच दोर लावतात, आणि त्यातला एकेक दोर एकटा सगळा भार पेलेल असा. हे तत्त्व पक्क्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की ते पॅन्टला पट्टा लावून वर खांद्यावरून गॅलिसही घालायचे. निवृत्तीच्या समारंभात त्यांनी भाषण म्हणून एकच वाक्य म्हटलं, "माझ्या लिफ्टमधे कधी कोणी अडकून पडलं नाही." आणि ते खरं होतं. उगाच माणसाला नावं ठेवू नयेत.

निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी कॅम्पर गाडी घेतली. दोन बाकं, रात्री ती ओढली की पलंग, एवढीशी शेगडी, दुमडायचं टेबल आणि खिडक्यांना कोणा आधीच्या मालकिणीने शिवलेले पिवळे पडदे. गाडी हवी होती काकूंना, म्हणजे पक्क्यांच्या बायकोला. कारण काकूंची ताई.

ताई लांब राहायची. बसने गेलं तर अख्खा दिवस मोडायचा. दोघी बहिणी ज्या घरात वाढल्या त्याच घरात ताई म्हातारी झाली. आधी आईवडिलांचं, मग नवऱ्याचं, मग मुलाचं करण्यात तिचा जन्म गेला. गावामागच्या डोंगरापलीकडे एक मोठं तळं आहे असं दोघी लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता काकूंचं लग्न झालं आणि ताईचे गुडघे गेले. गाडी दारात आली त्या दिवशी काकूंनी फोनवर सांगून टाकलं, "ताई, तुला घ्यायला येतेय. तळ्याकाठी गाडी लावू, आतच झोपू. सकाळी दार उघडलं की समोर पाणी." पलीकडून ताई लहान मुलीसारखी हसली म्हणे. काकूंनी त्या आठवड्यात तिच्यासाठी स्वेटर विणायला घेतला. पाण्याकाठी गारवा असतो.

आता घोडं अडायचं तसं काही कारण नव्हतं. गाडी चालत होती, पक्के चालवत होते, काकूंची बॅग भरलेली होती. पण पक्क्यांना एक व्यसन होतं. रेडिओचं. ऐकायच्या नव्हे, बोलायच्या. परीक्षा देऊन परवाना काढलेले हौशी लोक असतात, ते घरावर तार टांगतात आणि दूरदूरच्या अनोळखी माणसांशी तासन्‌तास बोलतात. काय बोलतात? तुमचा आवाज मला कसा येतोय, आणि माझा तुम्हाला कसा येतोय. एवढं सांगून झालं की दोघंही समाधानाने झोपायला जातात. पक्क्यांचा यातला खास दोस्त म्हणजे दूरच्या शहरातले एक दातांचे डॉक्टर. एकमेकांचं तोंड कधी पाहिलेलं नाही, पण आवाजावरून सर्दी ओळखायचे.

गाडीत तीन रेडिओ बसवायचे ठरले. लांबच्यांशी बोलायचा एक, जवळपासच्यांशी बोलायचा दुसरा, आणि काकूंना गाणी ऐकायला तिसरा, साधा. पक्क्यांनी गावाला एक चक्कर मारून बघितली. रेडिओचा प्लग त्यांनी गाडीतल्या सिगरेट पेटवायच्या भोकात खोचला होता, सगळं जग खोचतं तसा. डॉक्टर पलीकडून आपल्या नव्या तारेबद्दल काही मोलाचं सांगत होते, एवढ्यात गाडी खड्ड्यात आदळली, प्लग हलला आणि डॉक्टर गप्प झाले. पुढच्या खड्ड्यात परत आले, त्याच्या पुढच्या खड्ड्यात परत गेले. शेवटी डॉक्टर म्हणाले, "तुमचं कनेक्शन हलणाऱ्या दातासारखं झालंय हो."

झालं! पक्क्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ज्याच्या लिफ्टमधे कोणी अडकलं नाही त्याच्या गाडीत डॉक्टर अडकत होते.

"आधी हे पक्कं करून घेऊ," पक्के म्हणाले. "मग निघू."

काकूंनी बॅग खाटेखाली सरकवली.

मग पक्के कामाला लागले. बॅटरीपासून थेट रेडिओपर्यंत वेगळी वायर ओढली. पण वायर बारीक निघाली. ऐकताना ठीक, बोलायचं बटण दाबलं की रेडिओ एकदम जास्त वीज ओढायचा, वाटेत व्होल्टेज पडायचं आणि पक्क्यांचा आवाज घोगरा व्हायचा. ती काढून जाड वायर टाकली. जाड वायर आली म्हणजे बॅटरीजवळ फ्यूज हवा, आणि एका तारेला फ्यूज दिला तर दुसरीने काय पाप केलंय? दोन्हींना दिले. टोकांना तांब्याचे डोळे, म्हणजे बोल्टमधे अडकवायच्या कड्या, दाबून बसवले, वर आवळणारी नळी चढवली, ती गरम करून चिकटवली, आणि खेचून पाहिलं. नुसतं हाताने नाही हं. वायरला पाण्याने भरलेली बादली लटकवून पाहिलं. बादली रात्रभर लटकत राहिली आणि सकाळी काकूंनी त्या पाण्यात कपडे भिजवले.

या सगळ्यात टॉर्च धरायचं काम काकूंचं. पक्के डॅशबोर्डखाली उताणे, नुसते पाय बाहेर, आणि काकू दारात वाकलेल्या. "जरा डावीकडे धर. अगं डावीकडे, माझ्या डावीकडे!" विणकाम काखेत धरून काकू टॉर्च डावीकडे न्यायच्या. फोन वाजायचा. ताई विचारायची, "निघालात का गं?"

"निघतोच आहोत," काकू म्हणायच्या. "यांचं एवढं एक झालं की."

एवढं एक झालं, आणि पक्क्यांनी इंजिन चालू केलं. रेडिओत शिट्टी! बारीक, कानात शिरणारी. गाडीचा वेग वाढवला की शिट्टी चढायची, कमी केला की उतरायची. इंजिन फिरताना बॅटरी भरते, तिथूनच ती तारेतून येत होती. तुमच्या-माझ्यासारख्याने म्हटलं असतं, येते तर येते, कोणाला मुलगी दाखवायला चाललोय! पण डॉक्टर म्हणाले, "तुमच्यामागे कोणीतरी कुकर लावलाय का?" आणि संपलं. पक्क्यांनी शिट्टी अडवणाऱ्या डब्या बसवल्या. कमी झाली, गेली नाही. मग त्यांनी रामबाण काढला. रेडिओंना स्वतंत्र बॅटरी! तिला भरायला छपरावर सोलर पॅनेल. इंजिनाचा तिला वाराही लागू द्यायचा नाही. ही बॅटरी त्यांनी बाकाखाली पत्र्याच्या पेटीत ठेवली आणि पेटीला चारी बाजूंनी रिव्हेट ठोकले. काकूंनी विचारलं, "पुन्हा उघडायची वेळ आली तर?" पक्के कौतुकाने हसले. "म्हणूनच तर ठोकलेत. वेळ येणारच नाही."

तरीही इंजिन चालू केलं की कुठून तरी अगदी पुसट शिट्टी यायचीच. तेव्हा पक्क्यांनी त्यावर शेवटचा उपाय केला. इंजिन चालूच करायचं नाही.

यानंतरचे कित्येक महिने पक्क्यांच्या प्रवासाचे सोन्याचे दिवस. गाडी दारात, पक्के गाडीत, पिवळे पडदे ओढलेले, आणि आवाज असा स्वच्छ की डॉक्टरांनी शपथेवर सांगावं, शेजारच्या खुर्चीत बसून बोलताय. या कॅम्परची कीर्ती सातासमुद्रापार गेली. कुठल्या कुठल्या देशातले लोक मोडक्यातोडक्या भाषेत विचारायचे, कुठवर पोचलात? पक्के म्हणायचे, "निघण्याच्या तयारीत आहे." गाडीच्या चाकांखाली गवत उगवलं. मांजराने तिथे पिल्लं घातली, ती मोठी होऊन आपापल्या मार्गाला लागली. त्यांचा प्रवास तेवढा झाला.

शेजारी एक मास्तर राहायचे. मोटार चालवायला शिकवायचा त्यांचा धंदा. त्यांची शिकवायची गाडी इतकी थकलेली की सकाळी तिला दुसऱ्या गाडीच्या बॅटरीचे चिमटे लावून उठवायला लागायचं. दोन तारा, चार चिमटे, खर्र करून गाडी चालू. हे पाहून पक्क्यांचं डोकं फिरायचं. "मास्तर, चिमट्याचं कनेक्शन म्हणजे कनेक्शनच नव्हे." मास्तर हसून चिमटे डिकीत टाकायचे आणि जायचे. मुद्दा असा की ते जायचे.

एक दिवस काकूंचा धीर सुटला. स्वेटर केव्हाच विणून झाला होता. ताईचा मुलगा परदेशी, त्याने घर विकायचं पक्कं केलं होतं आणि आईला घेऊन जायला तो येणार होता. एकदा गेली की ताई काही परत यायची नव्हती. काकू टॉर्च विझवून म्हणाल्या, "तुमच्या लिफ्टमधे कोणी अडकलं नाही म्हणता ना? मी बसलेय की अडकून. बेल दाबून दाबून बोट झिजलं माझं."

डॅशबोर्डखालून पाय हलले नाहीत. पण पक्क्यांना ते लागलं. त्यांचं काकूंवर प्रेम नव्हतं असं कोणी म्हणू नये. रात्री आडरानात गाडी बंद पडली, ही थंडीने कुडकुडतेय आणि मदतीला हाक मारायला रेडिओ चालत नाही, असं चित्र त्यांना स्वप्नातही दिसायचं. सगळी पक्केगिरी तिच्यासाठीच चालली होती, असं त्यांना मनापासून वाटायचं. त्यांनी तारीख ठरवली. ताईचा मुलगा यायच्या आधी चार दिवस पोचायचं. ताईला तळं दाखवायचं. वचन!

आणि मग ताईच्या मुलाने तिकीट अलीकडे आणलं. आता ताई परवा सकाळी निघणार होती. "उद्या पहाटे निघालात तर दुपारी पोचाल," ताई फोनवर म्हणाली, "संध्याकाळी तळ्यावर जाऊन येऊ. तेवढं पुरे मला."

पहाटे काकू गाडीत जाऊन बसल्या. नवी साडी, मांडीवर स्वेटरची पिशवी. पक्क्यांनी तिन्ही रेडिओ लावून पाहिले. झकास! किल्ली फिरवली.

टक्.

पुन्हा फिरवली. टक्. इंजिनाची बॅटरी ठार मेलेली.

असं होऊ नये म्हणूनच पक्क्यांनी इंजिनाच्या बॅटरीवर एक मीटर बसवला होता, लाल आकड्यांचा. बॅटरीत किती जीव आहे ते तो दिवसरात्र दाखवायचा. दिवसरात्र. इंजिन महिनोन्‌महिने बंद, बॅटरी भरायला कोणी नाही, आणि हा राखणदार तिच्याच जिवावर लाल डोळे वटारून बसलेला. कुंपणानेच शेत खाल्लं. थोड्या दिवसांपूर्वी त्याचे आकडे विझले, तेव्हा पक्क्यांनी काय केलं असेल? मीटर खराब झाला म्हणून नवीन मागवला.

मास्तर अंगणात दात घासत होते. टक् टक् ऐकून तोंड पुसत आले. "काका, दोन मिनिटांचं काम. माझी दुसरी गाडी आणून चिमटे लावतो. चालू झाली की बंद करू नका, रस्त्यात आपोआप भरेल. निघा."

काकूंनी पक्क्यांकडे पाहिलं. पक्क्यांनी मास्तरांच्या हातातले ते गंजके चिमटे पाहिले.

"नको," पक्के म्हणाले. "चिमट्यावर उठवलेली गाडी. वाटेत बंद पडली तर? घाटात? हिला घेऊन कुठे उभा राहू मी? माझ्याकडे भरलेली बॅटरी आहे की. रेडिओची. तिच्यापासून इंजिनापर्यंत जाड वायर टाकतो. एकदाच, कायमची. तासाभरात निघू."

"अहो," काकू म्हणाल्या, "चिमटे लावा ना."

"अगं, तुझ्यासाठीच करतोय."

पक्के बाकाखाली शिरले. पेटीचे रिव्हेट निघेनात. निघणार कसे, ठोकले कोणी होते! ड्रिलने एकेक फोडावा लागला. मग जाड वायर मोजून कापली, टोकं सोलली, तांब्याचे डोळे दाबले, नळी चढवली, गरम केली. ऊन पायरीवर आलं. काकू उंबऱ्यात खुर्ची टाकून बसल्या होत्या. मास्तर एका शिकाऊ बाईंना घेऊन निघाले होते, ते काकूंशी दोन शब्द बोलायला थांबले. मग काकू उठल्या, गाडीशी आल्या, वाकून म्हणाल्या, "येते हो मी."

"हं," बाकाखालून पक्के म्हणाले. "हा टॉर्च घे. जरा डावीकडे धर."

टॉर्च पुढे केलेला हात तसाच राहिला. कोणी घेतला नाही. पक्क्यांना वाटलं, पाणी प्यायला गेली असेल. त्यांनी टॉर्च दातात धरला आणि काम पुढे चालू ठेवलं. बाहेर मास्तरांची शिकवायची गाडी आचके देत, उसळ्या मारत, शिकाऊ बाईंच्या हाती आणि मास्तरांच्या ब्रेकवर बसस्टँडकडे गेली. मागच्या सीटवर काकू, एका हातात दाराची कडी, दुसऱ्या हातात स्वेटर.

दुपार कलली तेव्हा काम झालं. आणि काय काम झालं! कोणी पाहायला हवं होतं. पक्क्यांनी किल्ली फिरवली आणि इंजिन पहिल्या झटक्यात, गुरगुरत, जिवंत झालं. पक्के तेलकट हातांनी टाळ्या वाजवत ओरडले, "अगं, झालं! अगं ए, चल! एकदम पक्कं!"

घरात कोणी नव्हतं. खुर्ची उंबऱ्यात रिकामी होती. त्यांनी काकूंना फोन लावला.

"बसमधे आहे," काकू म्हणाल्या. मागे बसचा खडखडाट. "झालं का तुमचं?"

"झालं."

"बरं झालं," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

रागावल्या असत्या तर पक्क्यांना बरं वाटलं असतं. ते तसेच गाडीत चढले आणि निघाले. खरोखर निघाले. चाकांखालचं गवत चुरडलं, मांजर उठून बाजूला झालं. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात तो असा. तेवढ्यात रेडिओ बोलला. डॉक्टर रोजच्या वेळेला हजर. "कुठवर पोचलात?" पण डॉक्टरांच्या आवाजामागे तीच शिट्टी, आता पूर्वीपेक्षाही मोठी, कारण दोन्ही बॅटऱ्या पक्क्यांनी स्वतःच्या हाताने एकमेकींना जोडल्या होत्या. पक्क्यांनी काही न बोलता रेडिओ बंद केला. एवढ्या वर्षांत असं त्यांनी कधी केलं नव्हतं.

खरं तर ते वेळेत पोचले असते. पण चढ लागला की त्यांच्या मनात यायचं, जोड गरम झाला तर? सैल जोड गरम होतो. इंजिन चालू ठेवून ते उतरायचे, बाकाखाली हात घालून जोड चाचपायचे. गार असायचा. पुन्हा पुढच्या चढाला थांबायचे. पुन्हा गार. रात्रभर त्यांनी असे किती चढ थांबून काढले ते त्यांनाच ठाऊक. एकदाही तो जोड कोमटसुद्धा नव्हता.

ते पोचले तेव्हा चांगलं उजाडलं होतं. ताईच्या घराला बाहेरून कुलूप होतं आणि पायरीवर काकू एकट्याच बसल्या होत्या. हातात पिशवी होती, रिकामी.

"गेली?" पक्क्यांनी विचारलं.

"आत्ताच. टॅक्सीवाला भोंगा वाजवत होता, तरी थांबली होती. म्हणत होती, भाऊजी येतील, गाडीत नुसतं बसून तरी बघते." काकूंनी डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. "स्वेटर अंगात घालून गेली."

पक्के काकूंच्या शेजारी बसले. पुष्कळ बोलायचं होतं. वायरची जाडी, बादली, घाटात काय होऊ शकलं असतं, सगळं. पण "चुकलं गं माझं," एवढंच म्हणाले आणि तेलकट हातात तोंड लपवून रडले. काकूंनी त्यांना रडू दिलं. पाठीवरून हात वगैरे फिरवला नाही.

मग त्या उठल्या. "चला. तळ्यावर घ्या."

"आत्ता?"

"आत्ता. ती विमानातून उतरली की विचारणार आहे, कसं आहे म्हणून. मला सांगायला नको?"

इंजिन चालूच होतं. काकू पुढच्या सीटवर बसल्या. गाव मागे पडलं, डोंगराची चढण लागली. पक्के एकदा बाकाकडे वळून पाहणार होते, पण पाहिलं नाही. काकूंनी हात पुढे करून स्वतःचा, गाण्यांचा रेडिओ लावला. कोणीतरी गात होतं आणि गाण्यावरून ती शिट्टी, चढणीबरोबर चढत जाणारी. पक्क्यांचा हात सवयीने किल्लीकडे गेला, इंजिन बंद करायला.

"हात काढा," काकू म्हणाल्या. "वाजू दे शिट्टी. गाडी चालतेय एवढं तरी कळतंय."

पक्क्यांनी हात काढला आणि स्टिअरिंगवर ठेवला.